उसन्या गाण्यांचा निवेदक

दुसऱ्यांनी रचलेली आणि दुसऱ्यांनीच गायिलेली गाणी एका विशिष्ट क्रमाने मांडून कथा सांगता येते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजी कादंबरीने हा प्रश्न आपल्या कक्षेत ओढून आणला आहे. रॉक संगीतातील निवडक गाण्यांची भरलेली कॅसेट, म्हणजे ज्याला तिकडे ‘मिक्सटेप’ म्हणतात ती वस्तू, निक हॉर्न्बी यांच्या ‘हाय फिडेलिटी’ (१९९५) आणि स्टीफन चबॉस्की यांच्या ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ (१९९९) या कादंबऱ्यांत केवळ काळाची खूण म्हणून येत नाही. तिच्यावर निवेदनाचे काम सोपवलेले असते. हे काम ती कसे पार पाडते आणि कोठे तिची शक्ती संपते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी या प्रकाराला त्याच्या शेजाऱ्यांपासून वेगळे काढले पाहिजे. ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या ‘टॉमी’ (१९६९) या रॉक-ऑपेरातील गाणी त्या कथेसाठीच एकत्र आणलेली आहेत. ‘मामा मिया!’ (१९९९) या लंडनमध्ये प्रथम सादर झालेल्या संगीतिकेत ‘ॲबा’ची गाणी आधी होती आणि कथा त्यांच्या मापाने मागाहून बेतली गेली. तेथे पात्रे ती गाणी स्वतःची म्हणून गातात. आपल्या संगीत नाटकाचा मार्ग आणखी निराळा होता. ‘सौभद्र’पासून (१८८२) कितीतरी पदांच्या माथ्यावर आधीच्या चालीचा निर्देश आढळतो. चाल उसनी, शब्द मात्र नवे. मिक्सटेपमध्ये शब्दही उसने, चालही उसनी आणि गळाही उसनाच. टेप करणाऱ्याच्या स्वाधीन उरतात त्या दोनच गोष्टी : निवड आणि क्रम. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो कथा सांगू पाहतो.

क्रमाचे महत्त्व समजण्यासाठी कॅसेटचे भौतिक स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या या वस्तूला दोन बाजू होत्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गाणे भरायचे तर ते जेवढे लांब तेवढाच वेळ लागे, म्हणजे भरणारा आपसूकच त्या टेपचा पहिला श्रोता होई. ऐकणाऱ्याला मधले गाणे गाळायचे तर फीत पुढे पळवून अंदाजाने थांबवावी लागे. म्हणून बहुधा तो मुकाट्याने क्रमाने ऐके. ग्रंथाची पाने उलटण्याहून हे बंधन अधिक कडक होते. आपल्याकडेही शहरांतून दुकानदाराला यादी देऊन ‘कॅसेट भरून घेण्याची’ पद्धत होती, पण तेथे भरणारा परका असे. यादीमागचे मन त्याला ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याची गरजही नसे.

आता सिद्धान्ताकडे वळू. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करताना संहिता ही असंख्य ठिकाणांहून आलेल्या अवतरणांची वीण असते, असे प्रतिपादिले. या व्याख्येला मिक्सटेपइतके चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. तीत अवतरणांखेरीज काहीच नसते. तेव्हा अशा संहितेत कर्ता पूर्णपणे विरून जावा, ही अपेक्षा रास्त ठरते. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. टेप ऐकणारा सर्वप्रथम हाच प्रश्न विचारतो, की हे मला कोण सांगत आहे आणि का सांगत आहे? गायकाला उद्देशून तो हा प्रश्न विचारत नाही. ज्याचा एकही शब्द टेपवर नाही, त्याला तो विचारतो.

या घटिताचे स्पष्टीकरण देण्यास बार्थपेक्षा मम्मट अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते. ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना त्याने वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश आणि काल यांची गणना केली आहे. शब्द तेच राहून वक्ता बदलला किंवा ज्याला उद्देशून बोलायचे तो बदलला, तर व्यंग्यार्थ बदलतो. मम्मटापुढे ज्या प्रकारची पद्ये होती, त्यांत प्राकृत गाथांना मोठे स्थान होते. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’तील प्रत्येक गाथा सुटी आहे. तीत बोलणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे पुष्कळदा गाथा स्वतः सांगत नाही. ते टीकाकार आपल्या अवतरणिकेत सांगतो : ही दूतीची नायकाला उक्ती, ही सखीची नायिकेला. तीच गाथा एका टीकाकाराच्या हाती एक प्रसंग होते, दुसऱ्याच्या हाती दुसरा. रॉक गाण्यातील ‘मी’ आणि ‘तू’ यांची स्थिती अशीच मोकळी असते. गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्या जागा कोणीतरी भरलेल्या होत्या. टेप करणारा त्या रिकाम्या करतो आणि तेथे स्वतःला व दुसऱ्या कोणाला बसवतो.

येथे भाषेचाही एक फायदा इंग्रजी गाण्याला मिळतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. सुझान व्हेगाचे किंवा स्टीव्ही निक्सचे गाणे एखाद्या मुलाने स्वतःचे मनोगत म्हणून दुसऱ्या मुलाला दिले, तर व्याकरण आड येत नाही. मराठीत ‘आले’ आणि ‘आलो’ यांतला स्वर गाण्याचा मालक ठरवून टाकतो. स्त्रीच्या तोंडचे भावगीत पुरुषाने आपले म्हणून पुढे करायचे, तर आधी एक वेषांतर करावे लागते. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या वाचलेल्या वाचकाला असे वेषांतर अपरिचित नाही. पण ते वेषांतर आहे, हे त्याला प्रत्येक क्रियापदाशी जाणवत राहते.

चबॉस्कींच्या कादंबरीत हा व्यवहार फार बारकाईने पाहता येतो. पिट्सबर्गच्या परिसरातला पंधरा वर्षांचा चार्ली १९९१-९२ या शालेय वर्षात एका अनाम ‘मित्रा’ला पत्रे लिहितो. कादंबरी म्हणजे हीच पत्रे. नाताळात मित्रमंडळींनी एकमेकांना गुप्तपणे भेटी देण्याचा बेत असतो आणि चार्लीच्या वाट्याला पॅट्रिक येतो. चार्ली त्याच्यासाठी कॅसेट भरतो. तिचे नाव ‘वन विंटर’, ‘एक हिवाळा’. पहिल्या बाजूविषयी तो एक-दोन वाक्यांतच सांगतो : पॅट्रिकला आवडते म्हणून ‘व्हिलेज पीपल’ आणि ‘ब्लाँडी’ यांची बरीच गाणी, शिवाय ‘निर्वाणा’चे त्या वर्षी गाजलेले गाणे. दुसरी बाजू मात्र त्याला स्वतःला अधिक प्रिय आहे, आणि तिची संपूर्ण यादी तो पत्रात उतरवतो. एका बाजूवर बोद्धव्याची रुची, दुसऱ्या बाजूवर वक्त्याचे अंतरंग, अशी ही विभागणी आहे. पहिलीचा सारांश आणि दुसरीचे साद्यंत कथन, या निवेदनगतीतील भेदावरूनच चार्लीची कथा कोठे आहे ते कळते.

दुसऱ्या बाजूवर चौदा नोंदी आहेत. पहिली ‘द स्मिथ्स’चे ‘अस्लीप’ (१९८५). त्यानंतर ‘राइड’, सायमन आणि गारफंकल, प्रोकोल हारम, निक ड्रेक, बीटल्सचे ‘डिअर प्रूडन्स’, व्हेगा, मूडी ब्लूज, ‘स्मॅशिंग पंपकिन्स’चे ‘डेड्रीम’, ‘जेनेसिस’चे ‘डस्क’, ‘यू टू’चे ‘एमएलके’, पुन्हा बीटल्सचे ‘ब्लॅकबर्ड’, फ्लीटवुड मॅकचे ‘लँडस्लाइड’, आणि अखेरीस परत ‘अस्लीप’. नुसती शीर्षके वाचली तरी निद्रा, संधिप्रकाश, रात्र, दिवास्वप्न यांची आवर्तने दिसतात. ‘एमएलके’ हे तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी गायिलेले अंगाईगीतच. या झोपेच्या गाण्यांमध्ये दोन विरोधी स्वर पेरलेले आहेत. ‘डिअर प्रूडन्स’ मध्ये कोणीतरी एका मुलीला बाहेर येऊन सकाळ पाहण्यास विनवतो, तर ‘ब्लॅकबर्ड’ मध्ये रात्रीचा पक्षी मोडक्या पंखांनी उडू पाहतो. त्यानंतर येते ‘लँडस्लाइड’, बदलाच्या भीतीचे आणि वाढत्या वयाचे गाणे. हेच गाणे काही आठवड्यांपूर्वी बोगद्याकडे जाताना गाडीच्या रेडिओवर लागले होते आणि पॅट्रिक व सॅम यांच्यामध्ये बसलेल्या चार्लीला आयुष्यात प्रथमच आपण अमर्याद आहोत असे वाटले होते. टेप येथे संपली असती, तर जागे होण्याची कथा पुरी झाली असती. पण चार्ली पुन्हा ‘अस्लीप’ लावतो. जो मला झोपव म्हणतो आणि पुन्हा जागे होऊ इच्छीत नाही, अशा माणसाचे हे पियानोच्या साथीवरचे गाणे. वर्तुळ बंद होते.

या यादीत चार्लीचे स्वतःचे शब्द फार थोडे आहेत, आणि ते कंसात आहेत. एका कंसात तो ‘जेनेसिस’मध्ये फिल कॉलिन्स येण्याआधीचे हे गाणे असल्याचे बजावतो. हा नवशिक्या रसिकाचा अभिमान. दुसऱ्या कंसात, शेवटच्या नोंदीपाशी, पुनरुक्तीचा उद्‌गार आहे, उद्‌गारचिन्हासह. मृत्यूची इच्छा दोनदा नोंदवणारा मुलगा ती नोंद उत्साहाने करतो. निवेदकाला जे कळत नाही ते वाचकाला कळावे, अशी ही जागा आहे. कादंबरीच्या अखेरीस चार्लीची मनःस्थिती ढासळते, त्याला रुग्णालयात राहावे लागते आणि लहानपणी हेलन मावशीकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराची दडपलेली आठवण वर येते. ही मावशी हिवाळ्यातच, २४ डिसेंबरला, चार्लीच्या वाढदिवशी, त्याच्यासाठी भेट आणायला गेली असता मोटार अपघातात गेलेली असते. ‘एक हिवाळा’ या शीर्षकातील एकवचन कोणत्या हिवाळ्याचे, हे चार्ली सांगत नाही. सांगता येण्याइतके त्याला ठाऊकही नाही. पत्रे जी कथा लिहू शकत नाहीत ती टेप आधीच सांगून बसलेली असते.

‘अस्लीप’ चार्लीकडे येते ती वाटही पाहण्याजोगी आहे. एका मुलाने चार्लीच्या बहिणीला ‘ऑटम लीव्ह्ज’ नावाची टेप दिली होती. तिला ती नको होती, म्हणून ती चार्लीकडे आली आणि तीत हे गाणे होते. याच मुलाने पुढे बहिणीच्या तोंडात मारलेली चार्ली पाहतो. पानगळीच्या टेपमधले गाणे हिवाळ्याच्या टेपमध्ये जाते, आणि जाताना पहिल्या घरातला मार सोबत नेते. प्रेमाची भेट आणि मारहाण यांची ही सांगड हेलन मावशीच्या कथेतही आहे. चबॉस्कींची कादंबरी अन्यत्र पुष्कळदा भावविवश होते. चार्ली इतक्या वेळा रडतो, की वाचकाने रडण्याचे कारण उरत नाही. या टेपच्या पानावर मात्र लेखकाने हात आवरला आहे, आणि म्हणून ते पान संपूर्ण पुस्तकात सर्वांत प्रौढ झाले आहे.

पॅट्रिकला टेप आवडते. चार्ली नंतर लिहितो, की भेट कोणाची ते पॅट्रिकने ओळखले असावे, कारण अशी टेप आपणच करू शकतो हे त्याला माहीत आहे. शिवाय तो आपले अक्षरही ओळखतो, अशी पुस्तीही तो जोडतो. या विनोदाने पहिले विधान खोडले जात नाही. रचनेवरून कर्ता ओळखू येणे आणि अक्षरावरून ओळखू येणे, या दोन गोष्टी चार्लीने सहजपणे एका पातळीवर आणल्या आहेत. उसन्या गाण्यांच्या क्रमालाही वळण असते. प्रश्न असा, की पॅट्रिकने नेमके काय ऐकले? त्याने मैत्री ऐकली असणार. झोपेची विनवणी त्याने ऐकली असे कादंबरीत कोठेही सूचित होत नाही. मम्मटाने अन्यसंनिधीचे जे उदाहरण दिले आहे त्यात नायिका शेजारणीला सांगते, की सासू दिवसभर घरकामाला जुंपते, विसावा मिळालाच तर संध्याकाळी. शेजारीण तक्रार ऐकते. जवळच उभा असलेला प्रियकर भेटीची वेळ ऐकतो. चार्लीच्या टेपमध्ये पॅट्रिक त्या शेजारणीच्या जागी आहे, तर पत्रे वाचणारा अनाम मित्र, आणि त्याच्या खांद्यावरून वाचणारे आपण, त्या तिसऱ्याच्या जागी. फरक एवढाच, की गाथेतील नायिकेला आपण काय सुचवीत आहोत हे पक्के ठाऊक असते. चार्लीला नसते. वक्त्यालाच अज्ञात असलेल्या व्यंग्यार्थाची सोय जुन्या शास्त्रात सहजी सापडत नाही. तेथे आपल्याला मानसशास्त्राची मदत घ्यावी लागते आणि ती घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मम्मटाच्या यादीतील काकूचा, म्हणजे स्वराच्या वळणाचा, विचारही येथे करायला हवा. बोलण्यात शब्द परंपरेचे असले तरी स्वर बोलणाऱ्याचा असतो. टेपमध्ये स्वरही दुसऱ्याचा. यामुळे टेप करणाऱ्याला एक विलक्षण आडोसा मिळतो. ‘हे मी म्हटले नाही, ते गाणे तसे आहे’, असे म्हणण्याची वाट कायम खुली असते. लाजाळू, दुखावलेली किंवा काही लपवणारी पात्रेच कादंबऱ्यांत टेप का करतात, याचे उत्तर या आडोशात आहे.

परंतु या निवेदनाची मर्यादा हीच आहे. प्रस्ताव, म्हणजे प्रकरण, काढून घेतले तर टेपमध्ये वृत्ती उरते, कथा उरत नाही. वरील चौदा गाणी अनोळखी माणसाच्या हाती पडली, तर तो त्यांना उदास गाण्यांचा बरा संग्रह म्हणेल. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ (२०१४) या चित्रपटाचा नायक दिवंगत आईने भरून दिलेली जुन्या गाण्यांची कॅसेट आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकत राहतो. त्याच्यासाठी ती आईची उक्ती आहे. त्याच गाण्यांचा संग्रह बाजारात आला आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानावर गेला. विकत घेणाऱ्यांना गाणी मिळाली. आई मिळाली नाही. आईसाठी चित्रपट पाहावाच लागतो. म्हणजे कादंबरी किंवा चित्रपट हीच टेपची अवतरणिका. टेपला स्वतंत्र कथाप्रकार मानण्याचा जो उत्साह अधूनमधून दिसतो, त्याला मी सहमत होऊ शकत नाही. गाथेला टीकाकाराची जेवढी गरज असते तेवढी टेपला कादंबरीकाराची असते. कदाचित थोडी अधिकच, कारण गाथेत निदान गोदावरी, शेत, पडवी अशा खुणा असतात.

छापील कादंबरीपुढे आणखी एक अडचण उभी राहते. पानावर टेप मुकी असते. ‘अस्लीप’ न ऐकलेल्या वाचकाला चौदावी नोंद म्हणजे एक नाव, एवढेच. आपल्या विद्यापीठांतून ही कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही गाणी शोधून ऐकावी लागतील, आणि ती आता चुटकीसरशी मिळतात. पण ती सुटी मिळतात, हव्या त्या क्रमाने. चबॉस्कींनी स्वतः २०१२ मध्ये कादंबरीचा चित्रपट केला तेव्हा बोगद्याच्या प्रसंगी ‘लँडस्लाइड’ काढून डेव्हिड बोवीचे ‘हीरोज’ (१९७७) घातले. पडद्यावर त्याने प्रसंगाला उंची येते यात शंका नाही. पण वाढण्याच्या भीतीचे गाणे जाऊन विजयाचे गाणे आले, आणि हिवाळ्याच्या टेपशी असलेला त्या प्रसंगाचा धागा तुटला.

मुकेपणाचाच उपयोग करून घेणारी लेखिका म्हणजे जेनिफर ईगन. ‘अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वाड’ (२०१०) ची तेरा प्रकरणे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाजूंत विभागलेली आहेत, आणि एक संपूर्ण प्रकरण संगणकावरील सादरीकरणाच्या चौकटींत मांडलेले आहे. त्यातील मुलगा रॉक गाण्यांमधील विराम गोळा करतो : गाणे संपले असे वाटावे आणि ते पुन्हा सुरू व्हावे, अशा जागा. पानावर गाणे ऐकवता येत नाही, पण शांतता दाखवता येते. ईगनची कारागिरी चबॉस्कींच्या कितीतरी पुढची आहे. तरीही तिची यादी वाचताना मी हुशारीला दाद देतो. चार्लीची यादी वाचताना काळजी वाटते.

‘हाय फिडेलिटी’कडे मी मुद्दाम शेवटी येतो. लंडनमध्ये ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवणारा रॉब टेप करण्याचे नियम पाठ म्हणून दाखवतो : सुरुवात कशी हवी, चढ कोठे हवा, काय शेजारी ठेवू नये. हे नियम म्हणजे एक छोटेखानी काव्यशास्त्रच आहे, आणि बहुतेक काव्यशास्त्रांप्रमाणे ते कर्त्याच्या बढाईतून निघालेले आहे. त्याच्या टेपांत ऐकणारी मुलगी निमित्तमात्र असते. मुळात तो स्वतःचे रुचिवैभव तिला ऐकवत असतो. चार्लीच्या कॅसेटला निदान एक बाजू पॅट्रिकची होती. रॉबच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू रॉबच्याच. कादंबरीच्या शेवटच्या ओळींत मात्र तो लॉरासाठी एक टेप मनात जुळवू लागतो. तीत तिच्या ओळखीची आणि तिला ऐकावीशी वाटतील अशी गाणी असतील. पानोपानी याद्या करणाऱ्या या निवेदकाने नेमक्या याच टेपची यादी दिलेली नाही. एकाही गाण्याचे नाव तो सांगत नाही. ती गाणी लॉराला ठाऊक आहेत आणि आपण या वेळी शेजारीसुद्धा उभे नाही.